ताई राहिली

आमच्याकडे ‘नापास झाला’ असं कोणी म्हणत नाही, ‘राहिला’ म्हणतात. थोरला गणितात राहिला, धाकटी इंग्रजीत राहिली. शब्द तसा मऊ आहे. बाकीचे गाडीत बसून पुढे गेले आणि हा स्टँडवर राहिला, एवढंच झालं असं वाटावं. माझी चुलत बहीण बारावी सायन्सला फिजिक्समध्ये राहिली, त्या जूनमध्ये आमच्या गावात, डाळजात, हा शब्द इतक्या तोंडांतून ऐकला की मला त्याची चीड यायला लागली. किराणा आणायला गेलं तरी दुकानदार आधी विचारायचा, “राहिली म्हनं तुमची थोरली?” आणि मग साखर तोलायचा.

ती माझ्यापेक्षा एका वर्षाने मोठी. मी तिला ताई म्हणायचे. तिच्या आईला आम्ही सगळी नानी म्हणायचो आणि वडिलांना तात्या. त्यांचं घर आणि आमचं घर भिंतीला भिंत लागून, अंगण एकच. पणजोबांपर्यंत आमच्यात मेंढरं होती. आजोबांनी ती विकून बागायत धरली, पण नानी माहेरी मेंढरांमागे हिंडलेली होती आणि ते तिच्या चालण्यातूनसुद्धा दिसायचं. तात्यांनी ताई सातवीत असल्यापासून ‘पोरगी डाक्टर व्हनार’ म्हणून सांगून ठेवलं होतं. सांगून ठेवलं म्हणजे गावभर. एवढ्या लोकांना सांगितलेलं खोटं पडलं, की ते परत घ्यायला प्रत्येकाच्या दारी जावं लागतं. तात्या त्या जूनमध्ये कुणाच्याच दारी गेले नाहीत. ते नुसते गप्प झाले आणि ताईशीही बोलेनात.

असं झालं, की मी बारावीत गेले आणि ताई माझ्याच बाकावर येऊन बसली. बारामतीत जळोचीला एका घराच्या मागची खोली आम्ही दोघींनी घेतली होती. दोन खाटा, एक खिडकी, आणि खोलीत स्टोव्ह पेटवायचा नाही ही मालकिणीची अट. म्हणून जेवण गावाकडून यायचं. नानी पहाटे चार कप्प्यांचा डबा भरायची. दूध घालायला जाणारा शेजारी तो भिगवणला न्यायचा आणि बारामतीच्या एसटीत कंडक्टरच्या ताब्यात द्यायचा. साडेनऊला बारामती स्टँडवर असे पन्नासेक डबे ओळीने मांडलेले असायचे. खोल्या करून राहणारी आजूबाजूच्या गावांतली निम्मी पोरं त्या डब्यांवर शिकली. आमच्या डब्याच्या कडीला नानीच्या जुन्या हिरव्या लुगड्याची चिंधी बांधलेली असायची. संध्याकाळच्या गाडीने रिकामा डबा तसाच माघारी जायचा.

रिकामा म्हणजे अगदी रिकामा नव्हे. जेवण आलेलं भांडं रिकामं माघारी धाडायचं नाही, हा आमच्या घरचा नियम. शेजारणीची वाटीसुद्धा चिमूटभर साखर घालूनच परत जायची. त्यामुळे रोज धुतलेल्या डब्यात काहीतरी जायचं. बहुतेक वेळा कागदात बांधलेली साखर आणि सोबत चिठ्ठी. चिठ्ठी माझी आई नानीला वाचून दाखवायची, कारण नानीला वाचता येत नव्हतं. आम्ही वार वाटून घेतले होते. माझ्या वाराला निमूट साखर जायची. ताईच्या वाराला काय जाईल याचा नेम नसायचा. गुलमोहराची शेंग, पेनचं टोपण, बाजारातली फुटकी बांगडी. आदल्या वर्षी ती इथे एकटी राहत होती, तेव्हा तिने एकदा रबराची पाल घातली होती. नानीची किंकाळी भिगवणपर्यंत गेली असं आई सांगायची.

त्याच जूनमध्ये सुप्याकडच्या एका मुलीने निकालानंतर जीव दिला होता. आदल्या वर्षी ताईच्या क्लासला यायची, ताईच्या ओळखीची होती. स्टँडवर, क्लासच्या जिन्यात, खानावळीच्या दारात महिनाभर दुसरा विषय नव्हता. कसं, ते लोक चवीने सांगायचे. मी सांगणार नाही. का, हे मात्र सगळ्यांना ठाऊक होतं: “चार मार्कांसाठी गेली.” मला तेव्हाही ते पटलं नव्हतं आणि आता तर ऐकून संताप येतो. चार मार्कांसाठी कोणी मरत नाही. त्या मार्कांच्या आधी किती दिवसांची झोप उडालेली असते, घरात कोण कोणाशी बोलत नसतं, मनातलं सांगायला एक तरी माणूस असतं की नसतं, हे कोणी विचारलं नाही. ताई त्या गप्पा ऐकत उभी असायची. एकदा खोलीवर आल्यावर म्हणाली, “तिची एकदाची सुटका झाली.” मी म्हटलं, “गप, काहीतरी बोलू नको.” आणि ती खरंच गप्प झाली.

गणपती झाले आणि ती बदलायला लागली. दुपारी क्लास सोडून झोपायची. वेणी तीन-तीन दिवस सोडायची नाही. आपल्या वाटणीची भाकरी मालकिणीच्या कुत्र्याला घालायची, आणि मी ओरडले की, “भूक न्हाय,” एवढंच म्हणायची. पूर्वी ही बया मला अभ्यास करू द्यायची नाही, सगळ्या मास्तरांच्या नकला करून दाखवायची. आता खोलीत टाचणी पडली तरी ऐकू यावी. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. माझा अभ्यास चांगला व्हायला लागला.

दिवाळीला गावी गेलो तर तिथे तिचं कौतुकच सुरू झालं. मोठी आत्या म्हणाली, “पोरगी लई गुणाची झाली. तोंडातनं शबुद न्हाय.” दुसरी म्हणाली, “ठेच लागली की शानपन येतं.” हसरी, खोडकर, उलट बोलणारी मुलगी चार-पाच महिन्यांत मुकी झाली आणि आख्ख्या भावकीने तिला शाबासकी दिली. आपल्याकडे मुलगी गप्प झाली की ती सुधारली असं धरतात. त्या शाबासकीत मीही होते. नानी तेवढी ताईकडे बघत होती, पण चार पाहुण्यांच्या रगाड्यात तिला ताईपाशी बसायला सवड झाली नाही.

दिवाळीनंतर ताईच्या वाराला डब्यात काही जाईना. मी पहिल्यांदा झाकण उघडून बघितलं तेव्हा आत काहीच नव्हतं. मी तिला म्हटलं, “अगं, साखर?” ती म्हणाली, “तूच घाल.”

मी घातली. त्या दिवशीही आणि त्यानंतरच्या तिच्या प्रत्येक वारालाही. चिठ्ठीसुद्धा तिच्या नावाने मीच लिहायला लागले. आई कशीबशी वाचायची, अक्षर कोणाचं हे तिला कळणार नव्हतं. “आम्ही दोघी मजेत आहोत. अभ्यास जोरात आहे. काळजी नसावी.” पत्राच्या शेवटी हे दोन शब्द लिहायचे असं आम्हाला शाळेत शिकवलेलंच होतं.

घरच्यांना घोर नको म्हणून लिहिलं, असं मी पुढे पुष्कळ वर्षं सांगत आले. ते अर्धंच खरं. ताईचं काही बिनसलंय असं कळलं असतं तर तात्यांनी खोली सोडायला लावून दोघींना घरी नेलं असतं, आणि माझी बारावी बुडाली असती. मला माझी बारावी हवी होती.

डिसेंबरात तिने तिचा निळा स्वेटर मला दिला. कंपासपेटी क्लासमधल्या एका मुलीला दिली, पैंजण मालकिणीच्या लेकीला. मी हसून म्हटलं, “कर्णाचा अवतार झालीस की काय?” ती म्हणाली, “मला काय करायचंय त्याचं.” एकदा म्हणाली, “मी नसते तर तात्यांना लोकांचं एवढं ऐकावं लागलं नसतं.” मी पुस्तकातून मान वर न करता म्हटलं, “नाटकं करू नको, वाच ते.” ही वाक्यं मला आज पाठ आहेत. तिचीही आणि माझीही.

जानेवारी उजाडला आणि ती एकाएकी निवांत दिसायला लागली. केस विंचरले, खोली झाडली, माझ्याशी दोन शब्द हसून बोलली. मी मनात म्हटलं, सुटलो. तो निवांतपणा कशाचा होता हे आता कळतं.

त्याच आठवड्यात माझी प्रॅक्टिकलची जर्नल द्यायची होती. मी सकाळीच कॉलेजला गेले ती संध्याकाळी आले. डबा ताईने घेतला, ताईनेच माघारी लावला. साखर आणि चिठ्ठी घालायला मी नव्हते.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला मी स्टँडवर गेले. ताई डोकं दुखतंय म्हणून खोलीवरच होती. भिगवणची गाडी आली, डबे खाली उतरले, पोरं आपापले डबे उचलून पांगली. हिरव्या चिंधीचा डबा नव्हता. मी कंडक्टरला विचारणार, तोच गाडीच्या दारातून नानी उतरली. डबा तिच्या हातात होता. ती एकटी कधी भिगवणच्या पुढे आलेली नव्हती.

“नानी, तुमी?”

“ती कुठं हाय?”

“खोलीवर. डोकं दुखतंय तिचं.”

नानी चालायलाच लागली. रस्ता ठाऊक नव्हता तरी माझ्या पुढे चालत होती आणि मी मागून डावीकडे, उजवीकडे असं सांगत होते. जळोचीच्या रस्त्याला लागल्यावर तिने मागे न बघता विचारलं, “काल डबा रिकामा आला. कोरडा ठाक, पुसून. साखर रोज कोण घालतं?”

“दोघी.”

“खरं सांग.”

“मी.”

“कवापासनं?”

“दिवाळीपासनं.”

“आन् चिठ्ठी?”

“ती बी मीच.”

ती थांबली. मला वाटलं आता थोबाडीत बसणार. बसली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, “मेंढरू दुखण्याला आलं तर वरडत न्हाय गं. रवंथ थांबती त्याची. कळपाच्या मागं राहतं. आमी तेवढंच बघत चालायचो. हिची रवंथ थांबलेली मला दिवाळीतच वाटत व्हती. पर रोज डब्यात साखर यायची, म्हनून म्या म्हनलं, मलाच भास व्हतोय.”

एवढं बोलून ती पुन्हा चालायला लागली. मी मागे रडत चालले होते आणि तिने मला गप्प केलं नाही.

ताई भिंतीकडे तोंड करून पडली होती. आईला बघून उठली नाही. नानी खाटेवर बसली, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि वेणीचा गुंता सोडवायला लागली. मग तिने विचारलं, काय खाल्लंस असं विचारावं तशा आवाजात:

“मरावंसं वाटतंय का तुला?”

मी दारातूनच म्हटलं, “नानी, असं कुठं इचारत्यात का?”

“मग कसं इचारत्यात?” ती म्हणाली.

ताई हलली नाही. मग तिचा आवाज आला. “व्हय.”

“कवापासनं?”

“निकाल लागल्यापासनं.”

“बरं झालं बोललीस,” नानी म्हणाली. “आता तू एकटी न्हाईस त्यात.” मग ताई रडली. सहा महिन्यांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. ती लहान पोरीसारखी हमसून हमसून रडली आणि नानीचा हात केसांतून फिरत राहिला. तो आठवडा तिने ठरवलेला होता, हे तिने पुढे कधीतरी सांगितलं. मी त्यावर जास्त विचारलं नाही.

असं थेट विचारल्याने नको तो विचार डोक्यात भरतो, अशी माझी तेव्हा पक्की समजूत होती. सगळ्यांचीच असते. पण तो विचार तिच्या डोक्यात महिनोन्महिने होताच. तिच्याशी त्यावर बोलणारं माणूस तेवढं नव्हतं.

दुपारी त्या डब्यातलं आम्ही तिघींनी खाल्लं. ताईने अर्धी भाकरी खाल्ली. नानी त्या दिवशी माघारी गेलीच नाही. मालकिणीला सांगून तिने दोन खाटांच्या मधे घोंगडी टाकली आणि ताईला क्षणभर एकटं सोडलं नाही. मालकिणीच्या ओळखीच्या डॉक्टरांना तिने सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी पुण्याच्या एका मनोविकारांच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहून दिली. तिसऱ्या दिवशी निरोप मिळून तात्या आले आणि चिठ्ठी वाचून उंबऱ्यातच बसले.

“डोक्याच्या डाक्टरकडं न्यायचं? उद्या सोयरीक कोन करंल हिची?”

“सोयरीक करायला पोरगी लागती,” नानी म्हणाली.

तात्या बराच वेळ चपलेच्या अंगठ्याशी खेळत बसले. मग आत गेले आणि ताईच्या खाटेशी जमिनीवर टेकले. निकालानंतर पहिल्यांदा ते तिच्याशी बोलले. काय बोलले ते मी ऐकलं नाही, मी बाहेर गेले होते. पुण्याला मात्र तेच घेऊन गेले, दर महिन्याला गेले, आणि गावात कोणी विचारलं तर खोटं न बोलता सांगू लागले की पोरीच्या मनाला दुखणं झालंय, औषध चालू आहे. गुढीपाडव्याला पारावर चार माणसांत म्हणाले, “डाक्टर व्हनार म्हनलेलो, ते माझं म्या परत घेतो. तिला जे जमंल ते ती करंल.” तात्यांसारख्या मानी माणसाला ते किती जड गेलं असेल, हे मला आता माझी मुलं मोठी झाल्यावर कळतं.

ताईला गावी नेलं, मी परीक्षेपर्यंत जळोचीलाच राहिले. नानीने शेतावरच्या खोलीला मोठं कुलूप घातलं. फवारणीचं सामान, औषधं, सगळं त्यात. किल्ली कमरेला. बायका चेष्टेने विचारायच्या, “नानी, सोनं ठेवलंय व्हय आत?” ती म्हणायची, “व्हय, सोनंच.” ती किल्ली पुढे कित्येक वर्षं तिच्या कमरेला होती.

हे वाचून वाटेल की सगळं सुरळीत झालं. तसं नव्हतं. मार्चच्या परीक्षेला ताई बसलीच नाही. उन्हाळ्यात पुन्हा एकदा ती आठ दिवस भिंतीकडे तोंड करून पडली, औषध बदलावं लागलं, नानी पुन्हा तिच्या उशाशी बसली. मला तर किती दिवस तिच्या डोळ्याला डोळा देता येत नव्हता. एकदा मी चाचरत ‘चुकलं माझं’ म्हटलं, तर ती म्हणाली, “तू खोलीत असायचीस म्हनून मी दिवाळी बघितली.” ते तिचं मोठेपण. मी त्यावर पुरती समाधानी झाले नाही, अजूनही नाही. ऑक्टोबरला तिचं फिजिक्स काठावर सुटलं आणि पुढच्या वर्षापासून ती रोज एसटीने इंदापूरच्या कॉलेजला बी.ए.ला जाऊ लागली. रोज संध्याकाळी घरी यायचं, या बोलीवर.

पुढे मी शिक्षिका झाले. एका शिबिरात आम्हाला फळ्यावर दोन रकाने करायला लावले होते. एकीकडे मुलांचा धोका वाढवणाऱ्या गोष्टी, दुसरीकडे त्यांना तारणाऱ्या. बाकीच्या शिक्षिका भराभर सांगत होत्या: अपयश, घरातला अबोला, ओळखीतल्या कोणाचा तसा मृत्यू, आणि पलीकडे मैत्रीण, कुटुंब, उपचार, विचारपूस. मी खडू हातात घेऊन नुसती उभी राहिले. तात्यांना कुठल्या रकान्यात लिहू? तिच्यावर जीव लावणारेही तेच आणि तो जीव घोटणारेही तेच. गाव कुठं लिहू? आणि तिच्याबरोबर एका ताटात जेवणारी, रात्रंदिवस तिच्या शेजारी असलेली, आणि कागदात साखर बांधून ‘काळजी नसावी’ लिहिणारी मी? मी खडू परत ठेवला. शिबिर घेणाऱ्या बाईंना वाटलं मला काही सुचलं नाही.

बारावीचा माझा निकाल लागला त्या दिवसाचं सांगून थांबते. मी चांगल्या मार्कांनी पास झाले होते. आईने पेढे आणले. पण अंगणात ताई बसलेली, तिच्यासमोर ते वाटायची मला लाज वाटत होती. पुडा तिनेच माझ्या हातातून घेतला, एक तोंडात टाकला आणि म्हणाली, “मास्तरांसारखी तोंड पाडून काय बसलीस?” आणि तिने फिजिक्सच्या सरांची नक्कल केली. खूप दिवसांनी, थोडी वाईटच. मी हसता हसता रडले.

तेवढ्यात वेशीकडची एक म्हातारी पेढा घ्यायला आली. पेढा तोंडात धरून तिने नानीला विचारलं, “आन् तुजी गं? थोरलीचं काय झालं बारावीचं?”

नानी निवडत असलेले तांदूळ सोडून ताईकडे बघत होती. कमरेची किल्ली तिने नकळत चाचपली.

“राहिली,” ती म्हणाली.

“अरारा,” म्हातारी हळहळली. “ह्या साली बी?”

“व्हय,” नानी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती. “ह्या साली बी राहिली माझी पोरगी.”